हलका ट्रायपॉड घेऊन ठाण्याचे तलाव : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

आजपासून नोंदी लिहायला घेतल्यात. प्रकल्प असा की ठाण्याचे तलाव पहाटे आणि संध्याकाळी, लाँग एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवून) टिपायचे, आणि सगळं काम हलक्या ट्रायपॉडवर करायचं. मासुंदा म्हणजे आपली तलावपाळी, उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी एवढे नक्की, बाकीचे जमतील तसे. तलावांचं शहर म्हणून ठाण्याचं नाव सगळे घेतात पण पहाटे साडेसहाला त्या पाण्यावर जो उजेड असतो त्याचे फोटो फार बघायला मिळत नाहीत, ते मला करायचेत.

हलकाच का, तर माझ्याकडे गाडी नाही. नौपाड्यातून चालत, टीएमटीच्या बसने नाहीतर रिक्षाने जायचं, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी ऐरोलीला ऑफिस, तेव्हा वाशी लोकलच्या लेडीज डब्यात लॅपटॉप, डबा, छत्री, कॅमेरा या सगळ्यासकट उभं राहायचं. जुना अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड हेडसकट (वरचा, कॅमेरा बसवायचा भाग) २.४ किलो भरतो आणि बंद केल्यावरही बॅगेच्या वर हातभर निघतो, गर्दीत कुणाच्या तरी खांद्याला लागतोच. तो चांगला आहे, दणकट आहे, पण चार महिन्यांत तो घराबाहेर निघालेला नाही आणि घरी पडलेला ट्रायपॉड कितीही दणकट असला तरी फोटोला त्याचा उपयोग शून्य.

म्हणून एक सेकंडहँड कार्बन फायबरचा ट्रॅव्हल ट्रायपॉड घेतला, पाच सेक्शनचे पाय (एकात एक सरकणाऱ्या नळ्या), फिरवून घट्ट करायचे ट्विस्ट लॉक, कॅमेरा हवा तसा वळवता येणारा छोटा बॉल हेड, सगळं मिळून १.१ किलो, बंद केला की लॅपटॉपच्या कप्प्याशेजारी मावतो. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला), लेन्स धरून ८५० ग्रॅमच्या आसपास.

मला जे बघायचंय ते एवढंच की वजन घरून न नेता जागेवर मिळवता येतं का, आणि कुठल्या जागेवर ते कसं मिळतं.

१८ ऑक्टोबर

भाच्याकडून व्हर्नियर कॅलिपर आणला (बारावी सायन्सला आहे, प्रॅक्टिकलसाठी घेतलेला) आणि पायाच्या नळ्या मोजल्या. वरची जाड नळी २५ मिमी, सगळ्यात खालची १३. हा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाने बदलतो, म्हणजे व्यास दुप्पट तर ताठपणा आठपट. माझ्या ट्रायपॉडच्या हिशेबाने वरची नळी खालच्या काडीपेक्षा साधारण सातपट ताठ. म्हणजे ती शेवटची काडी बाहेर काढली की आपण सगळा डोलारा सगळ्यात कमकुवत भागावर उभा करतो.

लांबीचंही तेच. एका टोकाला घट्ट धरलेली दांडी तेवढ्याच जोराला किती वाकते ते लांबीच्या घनावर ठरतं, त्यामुळे लांबी पाचव्या हिश्शाने कमी केली की वाकणं जवळजवळ निम्म्यावर येतं. आता मिररलेसचा स्क्रीन वर उचलता येतो, मग डोळ्याच्या उंचीला कॅमेरा लावायचा हट्ट कशाला, कमरेच्या उंचीवर लावायचा आणि वरून बघायचं. शेवटच्या काड्या आत ठेवून मला साधारण एक मीटर उंची मिळते, आणि तलावाच्या फोटोला खरं तर तीच बरी, कारण खालून घेतलं की पाण्यातलं प्रतिबिंब जास्त येतं आणि कठड्याची पट्टी कमी दिसते.

मधल्या कॉलमबद्दल, म्हणजे पायांच्या मधून वर काढता येणाऱ्या दांडीबद्दल, वेगळं लिहीन. तो वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं, इतकंच आत्ता.

२० ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडला सगळं ठाणं लोटतं, नवे कपडे, ढोल, सेल्फी. अशा गर्दीत तीन पाय पसरून उभं राहणं मला पटत नाही, कुणीतरी अडखळून पडेल आणि लहान मुलं तर खाली बघतच नाहीत. म्हणून आज ट्रायपॉड बॅगेतच ठेवला आणि वीतभर उंचीचा टेबलटॉप स्टँड तळ्याच्या कठड्यावर ठेवून काम केलं, त्याला एक हात लावून ठेवायचा, पट्टा मानेत. तो साधारण ३५० ग्रॅमचा आहे आणि कठडा मात्र दगडी, म्हणजे वजन सगळं कठड्याचं वापरलं. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर सहज निघालं, मागे दिव्यांच्या माळा स्थिर आणि पुढून जाणारी माणसं पुसट, त्यात पैठणीचे रंग तेवढे ओढले गेलेत. मला आवडली ही फ्रेम. मालिकेत घेणार.

२६ ऑक्टोबर

आज घरीच, भाऊबीज झाल्यावर निवांत मिळालेला रविवार, भाचा आलेला. तो म्हणाला मावशी तू हलतंय हलतंय म्हणतेस ते मोजूया की. फोनवर फायफॉक्स नावाचं अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं, फुकट, ते फोनमधला अॅक्सेलरोमीटर वाचून ग्राफ काढतं. कॅमेऱ्याच्या जागी क्लॅम्पमध्ये फोन लावला, खाली कॅमेऱ्याइतकं वजन यावं म्हणून पॉवर बँक बांधली, आणि एका पायाला पेन्सिलने टकटक. ग्राफवर लाट येते आणि हळूहळू मरते. ती किती वेळात मरते तेच आपल्याला हवंय.

शेवटच्या काड्या आत आणि कॉलम पूर्ण खाली असताना लाट एका सेकंदाच्या थोडं पुढे जाऊन शांत. सगळे सेक्शन बाहेर काढले की दोन सेकंदांच्या पुढे. त्यावर कॉलमही वर काढला की तीन सेकंद उलटून गेले तरी बारीक थरथर चालूच. म्हणजे बघा, बहुतेक जण शटर दाबल्याचा धक्का टाळायला २ सेकंदांचा टायमर लावतात, पण पूर्ण उंच केलेला हलका ट्रायपॉड दोन सेकंदांत शांतच झालेला नसतो, शटर उघडतं तेव्हा तो अजून डोलत असतो. आणि मग लोक म्हणतात कार्बनचा घेतला पण फोटो शार्प येत नाही. १० सेकंदांचा टायमर लावा किंवा फोनच्या अॅपवरून लांबून शटर सोडा, एवढ्यानेच फरक पडतो, काही खर्च नाही.

नंतर कॉलमच्या खालच्या हुकला पिशवी लटकवून बघितली, आत दोन लिटर पाण्याच्या बाटल्या. इथे गंमत अशी की पिशवी मोकळी लोंबत असेल तर ग्राफमध्ये एक नवीन सावकाश लाट येते, पिशवीच्या झोक्याची. आजीच्या घड्याळाचा लंबक जसा. पिशवीचं बूड जमिनीला जेमतेम टेकवलं की ती लाट गेली आणि मूळची थरथरही लवकर मेली. त्यामुळे वजन लटकवा हा सल्ला अर्धाच आहे, लटकवून टेकवा हा पूर्ण.

तिसरा प्रयोग भाच्याचा. हुकला सुतळी बांधली, खाली फास केला आणि त्यात पाय घालून जमिनीकडे दाबलं. पायाचा दाब सारखा ठेवता आला तर हे फार भारी काम करतं, आणि सुतळीचं वजन काय तर काहीच नाही. पण तीस सेकंद पाय एकसारखा दाबून उभं राहणं कठीण आहे, म्हणून छोट्या एक्स्पोजरपुरतं ठीक.

५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. ऑफिसातून थेट तलावपाळी, म्हणजे ट्रायपॉड दिवसभर बॅगेत होता आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. कौपिनेश्वराला दर्शनाची रांग, कठड्यावर पणत्या, मधल्या बेटावरच्या महादेवाच्या देवळाला रोषणाई. हवा पडलेली.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते कारण ती ट्रायपॉडच्या हातात नाही. चंद्र आकाशात सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो स्वतःच्या रुंदीच्या पाव हिश्शाएवढा पुढे जातो. कितीही जड ट्रायपॉड आणा, चंद्र लांबट येणारच. म्हणून चंद्रासाठी एक छोटं एक्स्पोजर आणि पाण्यासाठी एक लांब, दोन्ही एकाच जागेवरून, आणि मधे ट्रायपॉडला हात लावायचा नाही. हलक्या ट्रायपॉडची खरी परीक्षा इथे होते, कारण दोन फ्रेम तंतोतंत जुळायला हव्यात. पिशवी टेकवलेली होती, जुळल्या.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा भरून काढणारी सोय) बंद केलं होतं. काही लेन्सना स्टँडवर असल्याचं कळतं आणि त्या आपोआप शांत होतात, माझी जुनी आहे तिला कळत नाही, ती नसलेला हादरा शोधत बसते.

१६ नोव्हेंबर

उपवन, सूर्योदय पावणेसातच्या जवळपास, मी सहालाच पोचले. येऊरच्या डोंगरामागून नाही तर समोरच्या बाजूने उजेड येतो आणि डोंगराचा हिरवा अंगावर घेतो तो क्षण चार-पाच मिनिटांचाच. वॉकला येणारे काका-काकू लवकर येतात, एक आजोबा रोज इथे बसतात म्हणाले, त्यांनी विचारलं बाई हा कॅमेरा उडून नाही का जायचा वाऱ्याने.

त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर आपल्या हवेत आहे. कोकणपट्टीत खारा वारा दुपारी जोर धरतो, संध्याकाळपर्यंत वाहतो. पहाटे जमीन थंड झालेली असते, वारा अगदी मंद किंवा नाहीच. म्हणून ठाण्यात पहाटे काम करणाऱ्याला एक किलोचा ट्रायपॉड पुरतो आणि तोच संध्याकाळी पाच वाजता खाडीवर नेला तर पुरत नाही. वेबसाइटवर लिहिलेलं ‘लोड ८ किलो’ वगैरे यात काही सांगत नाही, तो आकडा कोसळणार नाही इतकंच सांगतो, आणि तोही प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. कोसळणं आणि थरथरणं यात खूप अंतर आहे.

पायऱ्यांवर उभा करायचा तर दोन पाय खालच्या पायरीवर आणि एक वरच्या, वरचा पाय आखूड. आणि कॅमेऱ्याचं वजन तिन्ही पायांच्या त्रिकोणाच्या आत पडतंय ना ते हुकाला किल्लीचा जुडगा सुतळीने सोडून बघायचं, जुडगा त्रिकोणाच्या मधे आला की झालं. हलक्या ट्रायपॉडला हे जास्त लागू कारण त्याच्या तुलनेत कॅमेरा जड असतो, माझ्याकडे एकूण वजनाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग वरच आहे.

पायाचे कोन बदलायचे खटके असतात, बहुतेकांना माहीत असतात पण वापरले जात नाहीत. एक खटका रुंद केला की उंची जाते पण पाया वाढतो. आजच्या सगळ्या चांगल्या फ्रेम रुंद पायावर, गुडघ्याच्या उंचीवरून.

१९ नोव्हेंबर

नाक्यावरच्या शिंपीकाकांकडून झोळी शिवून घेतली. मोडक्या छत्रीचं कापड, तिकोनी, तीन टोकांना पट्टे आणि वेल्क्रो, ते तीन पायांना बांधायचं, मधे खोलगट. त्यात दगड, पाण्याची बाटली, स्वतःची पर्स, जे हाताशी असेल ते टाकायचं. ४० ग्रॅम भरली. काका म्हणाले ताई यात बाळ झोपवायचंय का, मी सगळं समजावलं तर त्यांनी टोकांना दुहेरी शिलाई मारून दिली आणि पट्टे तिरके लावले म्हणजे वजनाने सुटणार नाहीत. त्यांचं डोकं चाललं तिथे, मी सरळ सांगितले होते.

झोळी हुकच्या पिशवीपेक्षा चांगली का, तर ती लोंबत नाही, तिन्ही पायांना आत ओढून धरते आणि वजन खाली राहतं. रुंद पायाचे खटके लागलेले असले की मगच भरायची, नाहीतर पाय आत सरकतात.

३० नोव्हेंबर

कचराळी. महापालिका मुख्यालयाच्या शेजारी, तळ्याभोवती चालायचा ट्रॅक, सकाळी तो कायम भरलेला. इथे नवीन अडचण आली, जमिनीची. माणूस धावत जवळून गेला की पेव्हर ब्लॉकमधून धक्का पायात येतो आणि झोळीत कितीही दगड टाका तो येतोच, कारण हलतीये ती जमीनच. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू चित्र) दहापट झूम करून बघत बसले, समोरच्या दिव्याचा ठिपका प्रत्येक पावलाला उडतो. ट्रॅकच्या कडेला मातीचा पट्टा आहे, तिथे रबरी बुटं फिरवून आत घेतली, लोखंडी टोकं बाहेर काढली आणि मातीत दाबली. ठिपका शांत झाला. सैल ब्लॉकवर पाय ठेवण्यापेक्षा माती कधीही बरी, ब्लॉक आधी अंगठ्याने दाबून बघायचा, डुगडुगला तर सोडायचा.

दुसरं लिहायचं ते वॉचमनबद्दल. शहरातल्या एका बागेत मला ट्रायपॉड उघडू दिला नाही, कॅमेरा चालेल, ट्रायपॉड म्हणजे शूटिंग, परवानगी आणा. वॉचमनदादा आपली ड्युटी करत होते, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही आणि मी घातलाही नाही. पण नियम करणाऱ्यांनी याचा विचार करावा असं मनापासून वाटतं, कारण पहाटे सहाला एकटं कुणी पाण्याचा फोटो काढत असेल तर त्यात कुणाचं काय अडतं, उलट तळ्याकडे बघणारी माणसं वाढली तर तळी टिकतील. तिथे मी बाकाच्या पाठीला क्लॅम्प लावून काम केलं. तो क्लॅम्प, त्यावर छोटा बॉल हेड, दोन्ही मिळून ३०० ग्रॅमच्या आत, आणि बाक काँक्रीटमध्ये रोवलेलं. स्थिरपणात तो माझ्या दोन्ही ट्रायपॉडपेक्षा वरचढ निघाला. फक्त अँगल बाक देईल तोच.

१४ डिसेंबर

मैत्रिणीने तिचा पीक डिझाइनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड दोन दिवस दिला, २०१९ ला क्राउडफंडिंगवर आलेला तोच, कार्बनवाला १.२९ किलोचा. त्यात नळ्या गोल नाहीत, पाय बंद केले की मधे पोकळ जागाच उरत नाही, म्हणून तो इतका बारीक घडीत बसतो. फार हुशारीने केलेलं डिझाइन आहे. फायफॉक्सवर माझ्यापेक्षा थोडा लवकर शांत होतो, कॉलम वर काढला की तोही कॉलमचे सगळे रोग दाखवतो. किमतीतला फरक बघता माझ्या कामाला माझा पुरतो असं माझं मत झालं.

कार्बनच का, यावर दोन ओळी. ट्रायपॉडला कार्बनच्या नळ्या पहिल्यांदा आणल्या गित्झोने, १९९४ मध्ये. अॅल्युमिनियमची घनता २.७ च्या आसपास, कार्बन कंपोझिटची १.६ च्या, आणि तेवढ्या वजनात ताठपणा जास्त, शिवाय थरथर लवकर जिरते. पण कार्बन वाकत नाही, तुटतो, म्हणून लोकलच्या रॅकवर आडवा टाकून त्यावर कुणाची बॅग पडू द्यायची नाही. आणि बजेट नसेल तर चार सेक्शनचा साधा अॅल्युमिनियमचा घ्या, काड्या आत ठेवून वापरा, तो पूर्ण उंच केलेल्या पाच सेक्शनच्या महागड्या कार्बनला हरवेल.

हेडबद्दलही. हलक्या ट्रायपॉडबरोबर येणारे छोटे बॉल हेड घट्ट केल्यावर किंचित खाली बसतात, फ्रेम दोन-तीन मिमी सरकते. म्हणून थोडं वर फ्रेम करून मग घट्ट करायचं, सवय होते. प्लेट (कॅमेऱ्याखाली लावायची, हेडमध्ये बसणारी पट्टी) आर्का पद्धतीची असली तर बरी, ३८ मिमीचा सांधा बऱ्याच कंपन्यांचा एकमेकांत बसतो, मैत्रिणीच्या हेडवर माझी प्लेट बसली. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची आणि पाय व हेडमधला ३/८ इंची, हे जगभर ठरलेलं आहे म्हणून हेड बदलायला घाबरू नका.

२८ डिसेंबर

रायलादेवी आणि मग सिद्धेश्वर. धुरकट हवा, सूर्य सात वाजून गेल्यावर केशरी गोळा होऊन आला, धुक्यात प्रदूषणही आहे ते वासावरून कळतं, पण फोटोला मऊ उजेड मिळतो हे खरं.

आज एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्सपुढे लावून उजेड कमी करणाऱ्या काळ्या काचेचा दिवस. दहा स्टॉपचा फिल्टर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड साधारण हजारपट कमी करतो, एक्स्पोजर १/३० सेकंद होतं ते ३४ सेकंदांवर गेलं, आयएसओ १००, एफ ८. सहा स्टॉपचा ६४ पट, तोच १/३० दोन सेकंदांच्या थोडा पुढे. ३४ सेकंद म्हणजे चालणारी माणसं नाहीशी, पाणी काचेसारखं, वरचं जलपर्णीचं एक बेट सरकत गेलं त्याचा हिरवा पट्टा. मला दोन सेकंदांवालं जास्त आवडलं, त्यात पाणी पाणीच राहतं. लाँग एक्स्पोजर म्हणजे सगळं धुकट करून टाकायचं असं नव्हे, ठाण्यातल्या तळ्यात बदकं आहेत, बोटी आहेत, निर्माल्यकलश आहेत, त्यांना अजिबात पुसून टाकलं तर ते तळं कुठलंही होतं.

लांब एक्स्पोजरबद्दल एक दिलासा. सुरुवातीची थरथर एखाद्या सेकंदाची, तर ३४ सेकंदांत तिचा वाटा अगदी थोडा, ती दिसतच नाही. त्रास होतो तो मधल्या वेगांना, साधारण १/६० पासून एक सेकंदापर्यंत, कारण तिथे सगळं एक्स्पोजर थरथरीतच संपतं. म्हणजे हलक्या ट्रायपॉडवर तीस सेकंद सोपे आणि पाव सेकंद अवघड. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता एक्स्पोजर सुरू करणारी सेटिंग) चालू ठेवलं की शटरचा स्वतःचा धक्का जातो, आणि डीएसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मिरर लॉक करा, म्हणजे आरसा आधीच वर करून ठेवा.

११ जानेवारी २०२६

तलाव सोडून आज खाडी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरतीच्या वेळेप्रमाणे. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. माझ्या ऑफिसच्या खिडकीपासून इतक्या जवळ हजारो गुलाबी पक्षी चिखलात चोच उलटी घालून जेवत असतात, हे मला दर वर्षी नव्याने थक्क करतं.

इथे ट्रायपॉड बोटीत उघडलाच नाही. इंजिनची थरथर फळीतून थेट पायांत येते, जड ट्रायपॉड असता तर तीही इमानदारीने लेन्सपर्यंत पोचवली असती. बोटीवर बीन बॅग. आईने जुन्या जीन्सच्या पायाची शिवून दिली, नेताना रिकामी, ऐरोली स्टेशनबाहेरच्या दुकानातून किलोभर हरभरे घेऊन भरली, परत आल्यावर आईने भिजत घातले, म्हणजे यातही वजन जागेवरच मिळालं आणि वायाही गेलं नाही. कठड्यावर बीन बॅग, त्यावर भाड्याने आणलेली मोठी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स), शटर १/१००० च्या पुढे, स्टॅबिलायझेशन चालू. टेलिफोटो आणि हा एक किलोचा ट्रायपॉड ही जोडी जुळत नाही, ते स्पष्ट लिहून ठेवते. फोकल लेंथ वाढते, म्हणजे लेन्स जितकं लांबचं जवळ आणते, तसा प्रत्येक हादरा तेवढ्याच पटीत मोठा दिसतो. पक्ष्यांसाठी जड ट्रायपॉड घ्या नाहीतर बीन बॅग.

१७ जानेवारी

खाडीच्या काठावर, ओहोटीला, ट्रायपॉड चिखलात लावून तिवरांच्या मुळांचे फोटो केले. इथे आधीचा नियम उलटा होतो. चिखलात आणि खाऱ्या पाण्यात सगळ्यात खालची बारीक काडी पूर्ण बाहेर काढायची, म्हणजे लॉकचे सांधे पाण्याच्या वर राहतात, आणि उंची कमी करायची ती वरचे जाड सेक्शन आत घेऊन. ताठपणा थोडा जातो, पण सांध्यात खारी रेती गेली तर ट्रायपॉडच जातो. पाय चिखलात रुतत जातो म्हणून प्रत्येक पायाखाली जुन्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण ठेवलं, बरंच थांबलं रुतणं.

घरी आल्यावर काड्या आत न घालता आधी गोड्या पाण्याने धुतल्या, मग लॉक पूर्ण फिरवून नळ्या बाहेर काढल्या, आतल्या प्लास्टिकच्या चकत्या कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटो काढून ठेवला, सगळं पुसून, रात्रभर पंख्याखाली वाळवून, आट्यांना थोडं ग्रीस. कार्बन गंजत नाही पण त्याला चिकटलेलं अॅल्युमिनियम गंजतं, आणि कार्बन वीजवाहक असल्यामुळे मधे खारं पाणी राहिलं तर आणखी भराभर. पावसाळ्यात तर हे दर वेळी करावं लागेल.

२५ जानेवारी

मालिकेच्या फ्रेम निवडायला बसले. तलावपाळीच्या दोन, उपवनच्या तीन, कचराळी एक, रायलादेवी एक, सिद्धेश्वरची अजून मनासारखी नाही, तिथे परत जायचंय. सगळ्या १८ बाय १२ इंचात प्रिंट करून बघणार कारण स्क्रीनवर शार्प वाटणारं कागदावर उघडं पडतं. कचराळीची एक मोठी करून बघितली तर पलीकडच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज मोजता येतात, पाव सेकंदाची फ्रेम आहे ती, कॉलम खाली, झोळीत तळ्याकाठचेच दगड, टोकं मातीत, १० सेकंदांचा टायमर.

बॅगेत आता कायम राहणार ते असं ठरलंय, ट्रायपॉड, झोळी, सुतळी, क्लॅम्प, एक रिकामी घडीची पाण्याची पिशवी जी नळावर पाच लिटर भरता येते. सगळं मिळून दीड किलोच्या आसपास, आणि ऑफिसच्या दिवशीही बरोबर. टेबलटॉप स्टँड फक्त सणाच्या गर्दीला.

फेब्रुवारीत धुरकं कमी झालं की सिद्धेश्वर, मग हरियाली आणि जेल तलाव. संध्याकाळचा वारा वाढायच्या आत, म्हणजे होळीपर्यंत, संध्याकाळच्या फ्रेम संपवायच्या आहेत. एका पायाची रबरी बुटं झिजलीत, तेवढी स्टेशन रोडला बघून आणायची, आकार १३ मिमी.